चुंबकाचा ब्रेक आणि घाटाचा उतार

पुण्याच्या नवले पुलाजवळ १३ नोव्हेंबर २०२५ रोजी उतारावरून भरधाव आलेल्या कंटेनरने समोरच्या वाहनांना ठोकरले. धडक आणि त्यापाठोपाठ भडकलेली आग यांत किमान आठ जणांचे प्राण गेले. त्याच वर्षी २६ जुलैला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीच्या हद्दीत एका ट्रेलरने वीसच्या आसपास वाहनांना धडक दिली. त्याआधी २० नोव्हेंबर २०२२ रोजी नवले पुलावरच एका टँकरने सुमारे ४८ वाहनांचा चुराडा केला होता. ठिकाणे आणि वाहने वेगवेगळी असली, तरी अपघातानंतर पहिल्या तासात ऐकू येणारे वाक्य प्रत्येक वेळी एकच होते: ‘ब्रेक निकामी झाले.’

अशा अपघातांनंतर एक प्रश्न हटकून विचारला जातो. घासून झिजणारे, तापून निकामी होणारे ब्रेक अजून वापरायचेच कशाला? जगातील वेगवान रेल्वेगाड्या चुंबकाच्या साहाय्याने वेग कमी करतात, मग रस्त्यावरील वाहनांना तीच सोय का नसावी? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र सरसकट देता येत नाही. सामान्य मोटारीचे चाकाजवळचे ब्रेक काढून तेथे चुंबक बसवण्यात काही हशील नाही. घाट उतरणाऱ्या जड वाहनाला मात्र याच तत्त्वावरील जादा ब्रेकची नितांत गरज आहे. आणि नेमक्या याच ठिकाणी तंत्रज्ञानापेक्षा पैशाचे गणित आडवे येते.

वीजमीटरमधील चकती

चुंबकीय ब्रेक ही काही अद्भुत वस्तू नव्हे. जुन्या पद्धतीच्या घरगुती वीजमीटरमध्ये काचेआड फिरणारी ॲल्युमिनियमची चकती अनेकांनी पाहिली असेल. त्या चकतीच्या कडेला एक कायमचुंबक बसवलेला असे. चकती चुंबकाला कोठेही न टेकता फिरे. तरीही तिचा वेग त्या चुंबकामुळेच आटोक्यात राही. धातू चुंबकीय क्षेत्रातून सरकला, की त्यात भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विद्युतप्रवाह निर्माण होतात. त्यांना ‘एडी करंट’ म्हणतात. हे प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र उभे करतात आणि ते मूळ गतीला विरोध करते. गतीची ऊर्जा धातूत उष्णतेच्या रूपाने उतरते आणि चकती मंदावते.

फ्रेंच शास्त्रज्ञ लिओन फूको यांनी १८५५ मध्ये तांब्याची चकती चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये फिरवून हा परिणाम दाखवून दिला. रस्त्यावरील वाहनासाठी त्याचा व्यवहार्य उपयोग होण्यास पुढे ऐंशी वर्षे जावी लागली. १९३६ मध्ये फ्रान्समधीलच राउल साराझँ यांनी विद्युतचुंबकावर चालणारा ‘रिटार्डर’, म्हणजे गतिरोधक ब्रेक, प्रत्यक्षात आणला. चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यावर धातूच्या चकत्या, त्यांच्यामध्ये तारांची वेटोळी, आणि चालकाच्या हाताशी एक खटका, अशी त्याची रचना असते. खटका दाबला, की वेटोळ्यांत वीज वाहते, चुंबकत्व निर्माण होते आणि दांड्याची गती खेचली जाते. कोणताही भाग दुसऱ्याला घासत नाही. जपानच्या शिंकान्सेन गाड्यांच्या काही पिढ्यांत आणि जर्मनीच्या आयसीई-३ गाडीत याच तत्त्वाचे ब्रेक वापरले गेले.

मोटारीला का नको?

या ब्रेकचा मूळ दोष त्याच्या गुणातच दडलेला आहे. त्याचे बळ गतीतून जन्मते. वाहन मंदावत गेले, की विद्युतप्रवाह क्षीण होतात आणि ब्रेकचे बळही ओसरते. वाहन थांबण्याच्या बेतात आले, की ते जवळपास शून्यावर येते. त्यामुळे अखेरचे काही मीटर हा ब्रेक कुचकामी ठरतो आणि चढावर उभी असलेली गाडी तो मुळीच धरून ठेवू शकत नाही. साहजिकच घर्षणाचा ब्रेक सोबत ठेवावाच लागतो. मग एका कामासाठी दोन यंत्रणांचे वजन आणि खर्च मोटारमालकाने का सोसावा?

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. अचानक समोर कोणी आल्यास गाडी किती अंतरात थांबेल, याची मर्यादा सुस्थितीतील ब्रेकने ठरत नाही. ती टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीने ठरते. आजच्या मोटारीचे साधे डिस्क ब्रेकसुद्धा चाक जागच्या जागी अडकवण्याइतके बळ देतात. चाक अडकून गाडी घसरू नये, म्हणून तर एबीएस यंत्रणा आली आणि एप्रिल २०१९ पासून ती देशातील नव्या मोटारींना सक्तीची झाली. चाकाजवळ चुंबक बसवल्याने टायरची पकड वाढत नाही. ओल्या रस्त्यावर घसरणारी गाडी चुंबकीय ब्रेक असला तरी घसरेलच.

आकडेमोड केली असता हे अधिक स्पष्ट होते. १,५०० किलो वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यात सुमारे ५ लाख ८० हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यास ती साडेतीन सेकंदांत थांबू शकते. या अवधीत सरासरी १६० किलोवॉटहून अधिक आणि सुरुवातीच्या क्षणी त्याच्या दुप्पट शक्ती जिरवावी लागते. डिस्क आणि पॅड हे काम अवघ्या काही किलो धातूत पार पाडतात. तेच काम केवळ चुंबकाने करायचे, तर अवजड वेटोळी आणि तितकाच मोठा विद्युतप्रवाह लागेल. सारांश, मोटारीच्या तातडीच्या थांबण्यात आजचे ब्रेक कमी पडत नाहीत. ते कमी पडतात ते दीर्घकाळ आणि सतत राबवले जातात तेव्हा. आणि ती वेळ मोटारीपेक्षा मालवाहू ट्रकवर अधिक येते.

घाटातील हिशेब

४० टन वजनाचा ट्रेलर घाटमाथ्यावरून ५०० मीटर खाली उतरतो, असे समजू. उंची गमावताना जी ऊर्जा मोकळी होते, ती १९ कोटी ६० लाख ज्यूल भरते. वर सांगितलेली मोटार तीनशेहून अधिक वेळा थांबवण्याइतकी ही ऊर्जा आहे. शंभर मीटरमागे ५ मीटर असा उतार धरला, तर हे अंतर १० किलोमीटरचे होते आणि ताशी ४० किलोमीटर वेगाने ते उतरण्यास १५ मिनिटे लागतात. याचा अर्थ, पाव तासभर सलग सुमारे २२० किलोवॉट शक्ती कोठेतरी जिरली पाहिजे. घरगुती वापराच्या एक किलोवॉटच्या २२० इस्त्र्या एकाच वेळी चालू ठेवल्यासारखा हा प्रकार आहे. त्यातला काही हिस्सा हवेचा अडथळा आणि टायरची झीज खाऊन टाकतात. उरलेला इंजिनाने अडवायचा, नाहीतर ब्रेकने.

चालकाने खालचा गिअर धरला, तर इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचते. म्हणूनच जुने चालक सांगतात, की ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. हे न करता गाडी न्यूट्रलवर सोडली, की सगळा भार ड्रम आणि लायनरवर पडतो. ड्रम तापून फुगतो, त्यामुळे ब्रेकच्या शूला अधिक अंतर सरकावे लागते. लायनरचे घर्षण घटते. चालक पाय अधिक दाबतो, उष्णता आणखी वाढते. आणि एका क्षणी पाय पूर्ण दाबूनही गाडी मंदावत नाही. हा ‘निकामी’ झालेला ब्रेक गार झाल्यावर अनेकदा ठीकठाक चालतो. अपघातानंतरच्या तपासणीत यांत्रिक बिघाड न सापडण्याचे हेही एक कारण असू शकते.

२०२२ च्या नवले पुलावरील अपघातातही प्रथम ब्रेक निकामी झाल्याचेच सांगितले गेले. पुढे, चालकाने उतारावर इंजिन बंद केले असल्याची बाब पोलिसांनी पुढे आणली. जड वाहनांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि तो दाब राखणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद झाले, की त्याची ओढ तर जातेच, शिवाय प्रत्येक वेळी ब्रेक दाबताना खर्च होणारी हवा भरून निघत नाही.

हे सारे बहुधा डिझेल वाचवण्यासाठी केले जाते आणि यातला दैवदुर्विलास असा, की ती बचतही फसवी आहे. आधुनिक डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंधनाची फवारणी पूर्ण थांबते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू राहण्यापुरते डिझेल जळतच राहते. जिवावर बेतणारी ही सवय ज्या नफ्यासाठी जोपासली जाते, तो नफा नव्या ट्रकांत उरलेलाच नाही.

कॅजॉन खिंडीतील धडा

मुख्य ब्रेकखेरीज दुसरी सोय हवी, हा विचार नवा नाही. अमेरिकेतील डिझेल इंजिनांचे निर्माते क्लेसी कमिन्स १९३१ मध्ये आपल्या इंजिनाचा ट्रक घेऊन देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाले असता कॅलिफोर्नियातील कॅजॉन खिंडीच्या उतारावर त्यांचे ब्रेक जळाले. खाली रेल्वेमार्ग होता आणि त्यावरून मालगाडी जात होती. ट्रक गाडीच्या शेवटच्या डब्यामागून थोडक्यात निसटला. त्या अनुभवातून पुढे त्यांनी इंजिनालाच ब्रेक बनवणारी यंत्रणा विकसित केली आणि १९६१ मध्ये ती बाजारात आली.

आज अशा साहाय्यक ब्रेकचे चार मुख्य प्रकार आहेत: धुराच्या नळीत झडप बसवणारा एक्झॉस्ट ब्रेक, कमिन्स यांच्या पद्धतीचा इंजिन ब्रेक, तेलाच्या घुसळणीवर चालणारा हायड्रॉलिक रिटार्डर आणि विद्युतचुंबकीय रिटार्डर. युरोपात मान्य असलेल्या ब्रेकविषयक संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार दूर पल्ल्याच्या प्रवासी बस आणि जड ट्रेलर ओढणारे ट्रक यांना एक कठोर परीक्षा द्यावी लागते. ७ टक्के उतारावरून ताशी सरासरी ३० किलोमीटर वेगाने ६ किलोमीटर उतरण्याइतकी ऊर्जा त्या वाहनाने मुख्य ब्रेकचा आधार न घेता जिरवून दाखवली पाहिजे. या नियमामागील भूमिका स्वच्छ आहे. मुख्य ब्रेक हे थांबण्यासाठी राखून ठेवायचे असतात. उतार उतरण्याचे काम दुसऱ्याचे.

मर्यादांचेही भान हवे

विद्युतचुंबकीय रिटार्डर हा यावरील रामबाण उपाय आहे, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. त्याचे वजन काही शे किलोंपर्यंत जाते आणि तेवढा माल कमी भरावा लागतो. वेटोळ्यांना वाहनातील विजेवर मोठा भार टाकावा लागतो. उष्णता येथेही चुकत नाही. फरक इतकाच, की ती चाकातील बंदिस्त ड्रमऐवजी वारा लागणाऱ्या मोकळ्या चकत्यांत उतरते. त्या चकत्या फारच तापल्या, तर धातूचा विद्युतरोध वाढतो आणि ब्रेकचे बळही घटते. शिवाय रिटार्डर केवळ इंजिनाशी जोडलेल्या चाकांवर काम करतो. रिकामा ट्रक भर पावसाळ्यात घाटातील निसरड्या वळणावर असताना तो एकदम जोरात लावला, तर तीच चाके घसरण्याचा धोका असतो. म्हणून त्याची एबीएसशी सांगड घालावी लागते आणि चालकाला तो वापरण्याचे शिक्षणही द्यावे लागते.

२०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बस आणि ट्रकमध्ये स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक सक्तीचा करण्यासंबंधी मसुदा नियम प्रसिद्ध केले. समोर अडथळा दिसताच आपोआप ब्रेक लावणारी ही यंत्रणा डुलकी लागलेल्या चालकाच्या बाबतीत उपकारक आहे. परंतु ती आज्ञा देते ती त्याच ड्रम आणि लायनरला. घाट उतरताना ते आधीच जळून गेले असतील, तर संगणकाची आज्ञाही चालकाच्या पायाइतकीच निष्फळ ठरेल.

मागील दाराने आलेला चुंबक

गंमत अशी, की ज्या मोटारीला चुंबकीय ब्रेकची गरज नाही असे म्हटले, तिच्यात तो मागील दाराने येऊन बसला आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनात ॲक्सिलरेटर सोडला, की मोटर जनित्राचे काम करू लागते. चुंबकीय बळाने चाके मंदावतात आणि गतीची ऊर्जा उष्णता होऊन वाया न जाता बॅटरीत परतते. दिल्ली मेट्रोने रेल्वेसाठी हेच तत्त्व वापरले आणि २००७ मध्ये ब्रेकमधून वाचवलेल्या विजेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या कार्बन क्रेडिट यंत्रणेत नोंद होणारा तो जगातील पहिला रेल्वे प्रकल्प ठरला. पॅड कमी झिजत असल्याने हवेत मिसळणारी ब्रेकची धूळही घटते. युरोपच्या ‘युरो ७’ नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या सूक्ष्म कणांवर प्रथमच मर्यादा आली, यावरून शहरातील हवेच्या दृष्टीने हा मुद्दा किती गंभीर मानला जातो, हे ध्यानात येते.

याचा सर्वाधिक लाभ घाटातच आहे. २०२३ मध्ये सुरू झालेली एसटीची ई-शिवनेरी बोरघाट उतरताना हाच लाभ घेऊ शकते. पुण्यात बॅटरी पूर्ण भरली, तरी घाटमाथ्यापर्यंतच्या प्रवासात ती पुरेशी रिकामी होते. हे महत्त्वाचे आहे. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर परतणारी वीज साठवण्यास जागा नसते आणि हा ब्रेक दुबळा पडतो. घाटमाथ्यावर चार्जिंग केंद्रे उभारताना हे पथ्य पाळावे लागेल. आपल्या उदाहरणातील ४० टनांचा ट्रेलर विजेवर चालणारा असता, तर उतारावर मोकळी होणारी ऊर्जा ५४ युनिटांच्या घरात असती आणि तिचा मोठा वाटा बॅटरीत परतला असता. पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून विजेवरील ट्रकसाठी प्रत्येकी कमाल ९ लाख ६० हजार रुपयांचे साहाय्य २०२५ मध्ये जाहीर झाले. त्याकडे केवळ प्रदूषणाच्या नव्हे, तर घाटसुरक्षेच्या अंगानेही पाहिले पाहिजे.

अडते कोठे?

विजेवरील ट्रक डिझेल ट्रकची जागा घेईपर्यंत बरीच वर्षे जातील. तोवर घाट उतरणार आहेत ते आजचेच ट्रक. २०१८ मध्ये केंद्राने मालवाहू वाहनांची भारमर्यादा वाढवली. तीन आसांच्या ट्रकची कमाल मर्यादा २५ टनांवरून २८.५ टन झाली. वाहतूक खर्च घटावा, हा हेतू समजण्याजोगा आहे; पण वाढलेल्या प्रत्येक टनाबरोबर घाटात जिरवावी लागणारी उष्णताही त्याच प्रमाणात वाढते.

रिटार्डरचा खर्च ट्रकमालकाने करायचा. वाचणारे प्राण मात्र बहुतेक वेळा पुढच्या मोटारीतील अनोळखी कुटुंबाचे. बाजाराच्या नियमाने हा व्यवहार जमत नाही. महागड्या वातानुकूलित बसमध्ये रिटार्डर दिसतो, कारण तेथे त्याची किंमत तिकिटातून वसूल होते. टनामागे काही रुपयांच्या फरकाने भाडे मिळवणाऱ्या आणि एक-दोन गाड्यांवर पोट असलेल्या ट्रकमालकाकडून स्वखुशीने तशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. अशा वेळी शासनाने पुढाकार घ्यायचा असतो. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या मध्यम व जड ट्रकांत चालकाची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले, तेव्हाही खर्चाची ओरड झालीच होती.

एकाच फटक्यात सर्व ट्रकांना रिटार्डर बसवा, असे म्हणणे अव्यवहार्य होईल. विदर्भाच्या सपाटीवर आयुष्य काढणाऱ्या ट्रकला त्याची गरजही नाही. मात्र बोरघाट, कात्रज-नवले पूल, कसारा यांसारख्या उतारांवरून नियमितपणे ज्वालाग्राही पदार्थ आणि अवजड कंटेनर वाहणाऱ्या वाहनांपासून प्रारंभ करता येईल. नव्या वाहनासाठी अट आणि जुन्यासाठी व्याजसवलत किंवा टोलमध्ये सूट, अशी मांडणी मालकांनाही झेपेल. घाटमाथ्यावर सक्तीचा थांबा ठेवून ड्रमचे तापमान उष्णतामापक यंत्राने दुरून तपासणे तर आजही शक्य आहे. त्याला ना नवा कायदा हवा, ना फार मोठा निधी.

आणखी एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. अशा प्रत्येक अपघाताच्या पंचनाम्यात ‘ब्रेक निकामी’ या दोन शब्दांवर न थांबता चार प्रश्नांची उत्तरे नोंदवली जावीत: गाडी कोणत्या गिअरमध्ये होती, इंजिन चालू होते काय, भार किती होता आणि साहाय्यक ब्रेक बसवलेला होता काय, असल्यास तो वापरला गेला काय. ही नोंद वर्षभर जरी काटेकोरपणे झाली, तरी रिटार्डरची सक्ती कोणत्या वाहनांना आणि कोणत्या मार्गांवर करावी, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. तोपर्यंत घाट उतरणाऱ्या मोटारचालकाला आरशात दिसणाऱ्या ट्रकचे ड्रम किती तापले आहेत, हे कळण्याचा मार्ग नाही.